बिऱ्हाड नव्या रायपुराला जाते

रायपूरच्या समता कॉलनीतून नव्या रायपुरात बिऱ्हाड हलवणे ही तीन टप्प्यांत घडणारी क्रिया आहे. पहिल्या टप्प्यात सामान जाते, दुसऱ्यात माणसे जातात आणि तिसऱ्यात सगळी माणसे दर शनिवारी समता कॉलनीत परत येतात. पहिले दोन टप्पे एकदाच होतात; तिसऱ्याला शेवट नाही. ही क्रिया बहुधा नवरा, बायको, एक शाळकरी मूल आणि एक कडेवरचे मूल अशा चौकोनी कुटुंबात आढळते. आजी-आजोबा हे तिच्यातले उत्प्रेरक होत. ते स्वतः जागचे हलत नाहीत, पण क्रियेचा वेग वाढवणे किंवा ती साफ थांबवणे हे त्यांच्याच हातात असते.

समता कॉलनी जीई रोडच्या अंगाला आहे. जीई म्हणजे ग्रेट ईस्टर्न. मुंबईहून कोलकात्याला निघालेला हा जुना महामार्ग रायपूरच्या पोटातून जातो. कॉलनीला लागून चौबे कॉलनी आणि तिथे महाराष्ट्र मंडळ. त्यामुळे इथल्या मराठी माणसाच्या नाटक, गणपती, हळदीकुंकू आणि भांडण या चारही सांस्कृतिक गरजा पायात चप्पल सरकवून भागतात, गाडी काढावी लागत नाही. हे बरेच आहे, कारण गाडी काढता येईलच असे नाही. आता घराच्या तळमजल्यावर दुकान, पहिल्या मजल्यावर कोचिंग क्लास आणि दुसऱ्यावर मालक अशी व्यवस्था असते, आणि तिघांच्या गाड्या एकाच गल्लीत असतात. सकाळचे संवाद साधारण असे चालतात:

"भाभी, ती पांढरी गाडी तुमची का?"

"नाही हो, आमची तिच्या मागची. पांढरी डॉक्टरांकडे आलेल्या पेशंटची."

"मग पेशंटला बोलवा ना जरा."

"अ‍ॅडमिट केला त्याला."

नवा रायपूर येथून वीसेक किलोमीटरवर आहे. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ राज्य झाले तेव्हा राजधानी रायपूरला मिळाली, पण मंत्रालयाला इमारत नव्हती. म्हणून ते डीकेएस नावाच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरू लागले. 2012च्या नोव्हेंबरात मंत्रालय नव्या रायपुरातल्या महानदी भवनात गेले आणि पुढे काही वर्षांनी जुन्या इमारतीत पुन्हा इस्पितळ सुरू झाले. जिथे बारा वर्षे फायली खाटेवर पडून होत्या, तिथे आता माणसे बरी होऊन घरी जातात. मंत्रालयामागून विभागप्रमुखांची कार्यालये इंद्रावती भवनात गेली, विधानसभेची नवी इमारत 2025च्या 1 नोव्हेंबरला तिकडेच उघडली, आणि धरणे-आंदोलनाची जागासुद्धा बुढा तालाबजवळून उचलून तूता गावापाशी नेण्यात आली. त्यामुळे सरकारचा निषेध करायचा असला तरी आता आधी बस धरावी लागते, आणि शेवटची बस चुकू नये म्हणून घोषणा वेळेत आटपाव्या लागतात.

इथे या विषयातली मुख्य अडचण येते. जगाची रीत अशी की, लोक राहायला गावाबाहेर जातात आणि कामाला गावात येतात. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, आणि पुढे डोंबिवली-बदलापूरच्या पिढ्यान्‌पिढ्या याच रुळांवर लोंबकळत मोठ्या झाल्या. रायपूरने ही रीत उलटी घेतली. इथे आधी कचेरी गावाबाहेर गेली आणि माणसे गावातच राहिली. सकाळी भरलेल्या बसगाड्या शहरातून बाहेर जातात आणि संध्याकाळी शहरात परत येतात. अशा वेळी जे तरुण कुटुंब कचेरीजवळ राहण्याचे ठरवते, ते तर्कशास्त्राला धरून वागते. तर्कशास्त्राला धरून वागणाऱ्या कुटुंबाचे काय होते, हे पुढे येईलच.

छत्तीसगढातल्या मराठी माणसाला हे स्थलांतर नवीन नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे राज्य इकडे आले तेव्हा बिंबाजी भोसल्यांचे ठाणे रतनपूरला होते. 1818 साली इंग्रजांचा कर्नल अ‍ॅग्न्यू आला आणि त्याने कारभार रतनपुराहून रायपूरला हलवला. दप्तर हलले की दप्तरामागे माणसे हलतात. पुढे रायपुरात तात्यापारा, बुढापारा या वस्त्यांत मराठी घरे नांदली, आणि तिथल्या वाड्यांत भावाभावांचे जमेनासे झाल्यावर त्यातली काही चौबे कॉलनी, समता कॉलनीकडे सरकली. तेव्हा तात्यापाऱ्यातल्या वडीलधाऱ्यांनी जे उद्गार काढले असतील, तेच आज समता कॉलनीतले वडीलधारे काढतात: "इतक्या लांब कोण जातो? रात्री-बेरात्री काही झालं तर?" वाक्य तेच राहते, गाव तेवढे पुढे सरकत जाते.

स्थलांतराची कारणे दोन प्रकारची असतात, सांगायची आणि खरी. सांगायच्या कारणांत मोकळी हवा, रुंद रस्ते, झाडी, सायकलचा वेगळा मार्ग आणि मुलांचे भवितव्य यांचा समावेश होतो. खऱ्या कारणांत सासूबाई, जाऊबाई, एकच न्हाणीघर आणि पांढरी गाडी ही येतात. पहिली यादी बायको सर्वांसमोर मोठ्याने वाचते आणि दुसरी फक्त नवऱ्याला ऐकवते. नवऱ्याची दोन्ही याद्यांना संमती असते. त्याचे स्वतःचे कारण एकच असते: कचेरी समोर आली तर सकाळी अर्धा तास जास्त झोपता येईल. संपूर्ण गृहकर्ज या अर्ध्या तासावर उभे असते.

घराची पाहणी डिसेंबर-जानेवारीत, रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला करण्याची प्रथा आहे. त्या वेळी नव्या रायपुरात कोवळे ऊन असते, रस्ते रिकामे असतात, दुभाजकावर फुले असतात आणि घर दाखवणारा माणूस हसतमुख असतो. पाहणी मे महिन्यात दुपारी दोन वाजता केली, तर निष्कर्ष वेगळा येऊ शकतो. रायपूरचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो, आणि तो रुंद रस्ता ओलांडताना माणसाला रुंदीचा खरा अर्थ कळतो. म्हणूनच मे महिन्यात कोणी घर दाखवत नाही.

घर दाखवताना होणारी प्रश्नोत्तरे ठरलेली आहेत.

"इथे दुकानं कुठे आहेत?"

"येणार आहेत, सर."

"शाळा?"

"जागा राखीव आहे."

"इस्पितळ?"

"नकाशात बघा, हे लाल."

"आणि हे हिरवं?"

"ते झालेलं आहे, सर. तो बगीचा."

हिरवे तयार असते आणि लाल व्हायचे असते. तरुण नवरा-बायको हिरव्याकडे बघून सही करतात.

बातमी घरात सांगण्याचा प्रसंग स्वतंत्र नोंदीला पात्र आहे. आजोबा वर्तमानपत्र खाली न ठेवता विचारतात, "तिथे मंडळ आहे का?" नाही असे उत्तर आल्यावर ते पुढचे पान उघडतात, त्यांच्यापुरता विषय संपलेला असतो. आजी रडत नाही. ती फक्त "माझं काय, दोन भांडी कमी घासली जातील" असे म्हणून स्वयंपाकघरात जाते आणि तिथून भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त येऊ लागतो. डोंबिवलीच्या मावशीला फोनवर कळवले जाते.

"किती लांब पडेल रे?"

"वीस किलोमीटर, मावशी."

"म्हणजे जवळच की! आमचं सगळं आयुष्य त्याच्या दुपटीने गेलं, तेही उभ्याने."

मावशीचे हे मत आजीला कळवले जात नाही. वीस किलोमीटर म्हणजे डोंबिवलीत शेजार आणि रायपुरात परदेश. शहराच्या कडेचा तेलीबांधा ओलांडून जाणाऱ्याला निरोप देताना इथे डबा बांधून देतात.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, कारण विंचवाला कूलर नसतो. रायपूरच्या प्रत्येक कुटुंबाकडे लोखंडी पत्र्याचा एक अजस्र कूलर असतो. तो घरात आला तेव्हा खिडकी वेगळी होती, दार वेगळे होते आणि मधली भिंत नव्हती. तो बाहेर काढण्यासाठी घरातले सगळे पुरुष जमतात. प्रत्येकाच्या मते तो तिरका केला तर निघेल, आणि प्रत्येकाचा तिरका निराळा असतो. सामान नेण्यासाठी सांगितलेल्या छोटा हाथी टेम्पोचा चालक बिडी विझवून सगळे बघतो आणि म्हणतो, "भैया, पहले दरवाजा निकालो।" दरवाजा निघतो. कूलरही निघतो. दरवाजा परत बसत नाही. पण तो प्रश्न मागे राहणाऱ्यांचा असतो.

सामानाच्या बांधाबांधीत एक नियम काटेकोर पाळला जातो: जे पहिल्या रात्री लागणार आहे ते सर्वांत आधी, सर्वांत खालच्या खोक्यात भरायचे. त्यामुळे नव्या घरात पहिल्या रात्री चहापत्ती, पाण्याचे भांडे, बाळाचे दूध आणि मोबाइलचा चार्जर यांपैकी काहीही सापडत नाही. दिवाळीचा आकाशकंदील, लग्नातली न फोडलेली डिनर सेटची पेटी आणि कोणाचीतरी बारावीची जर्नल्स मात्र लगेच हाताला लागतात. आजीने शेवटच्या क्षणी गाडीत ठेवलेली लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बायको वीस किलोमीटर येते. वाटेत चालक प्रत्येक गतिरोधकाला "संभाल के" म्हणतो आणि मग गतिरोधकावरून गाडी उडवतो. बरणी सुखरूप पोचते. साडी पोचत नाही.

नव्या वस्तीत इमारती एकसारख्या असतात. रंग एक, जिना एक, दारे एक, आणि पडदे एकाच दुकानातून घेतलेले असल्याने तेही एकच. पहिल्या आठवड्यात नवरा एकदा तरी शेजारच्या ब्लॉकमध्ये तिसऱ्या मजल्यावर जाऊन दुसऱ्याच्या कुलपात किल्ली फिरवतो. आतून प्रश्न येतो, "कौन?" तो चिडून म्हणतो, "मी, आणखी कोण?" दार उघडते. समोर बनियनमध्ये त्याच्याच खात्यातले अवर सचिव उभे असतात. "या ना, आत या. काही अर्जंट फाइल आहे का?" असे ते घाबरून विचारतात. नवऱ्याला आत जावे लागते, चहा घ्यावा लागतो आणि नसलेल्या फायलीविषयी बोलावे लागते. दोघांच्या नोकरीच्या काळात इतक्या वेगाने निकालात निघालेली ती एकमेव फाइल असते.

पत्त्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. हे शहर आधी नया रायपूर होते. 2018मध्ये त्याला अटलबिहारी वाजपेयींचे नाव देऊन अटल नगर केले आणि नंतर नवा रायपूर अटल नगर असा सर्वसमावेशक तोडगा निघाला. परिणामी एकाच कुटुंबाच्या आधार कार्डावर समता कॉलनी, बँकेच्या पुस्तकात नया रायपूर, गॅसच्या पावतीवर अटल नगर आणि विजेच्या बिलावर या सर्वांची बेरीज असते. पार्सल आणणारा मुलगा फोन करतो: "सर, तुमच्या घराजवळ काय आहे?" उत्तर देता येत नाही. समता कॉलनीत घराजवळ काय नाही ते सांगावे लागे. इथे घराजवळ फक्त घर असते. शेवटी नवरा खाली जाऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहतो आणि हात हलवतो. रस्ता मोकळा असल्याने तो दुरूनही दिसतो. नियोजित शहराचा हा फायदा मान्य केला पाहिजे.

आता प्रवासाचा हिशेब. समता कॉलनीत असताना घरातला एकच माणूस रोज नव्या रायपुरात जात होता. बायकोची बँक जयस्तंभ चौकाजवळ होती, मुलीची शाळा गावात होती आणि कडेवरचे मूल आजीकडे होते. आता नवऱ्याची कचेरी पायी दहा मिनिटांवर आली. बँक, शाळा आणि आजी मात्र जिथल्या तिथे राहिल्या. एका माणसाचा प्रवास वाचवण्यासाठी तिघे प्रवासाला लागले. सकाळी सहाला घरात दिवे लागतात. बायको एका हाताने पोळ्या लाटते, दुसऱ्या हाताने वेणी घालते आणि तोंडाने बाळाचे मोजे कुठे आहेत ते सांगते. ज्या अर्ध्या तासाच्या झोपेसाठी कर्ज काढले, तो अर्धा तास नवरा डबे भरण्यात घालवतो. सगळे गेल्यावर तो घड्याळाकडे पाहतो. कचेरीला दोन तास असतात. झोप उडालेली असते.

संध्याकाळी याचा उत्तरार्ध होतो. साडेपाचला नवरा घरी येतो. घरात कोणी नसते. बायको बँकेतून सुटून समता कॉलनीत गेलेली असते, कारण बाळ तिथे आहे. मुलगीही शाळेतून तिथेच गेलेली असते. आजीचा फोन येतो: "तू एकटा तिथे काय करतोस? ये इकडेच जेवायला, मग जा सगळे मिळून." नवरा गाडी काढतो. घडी चौकातल्या नगर घडीवर दर तासाला छत्तीसगढी लोकधून वाजते. सिग्नलला अडकल्यामुळे ती त्याला पूर्ण ऐकायला मिळते. मग शास्त्री चौकातला, वर्षानुवर्षे अर्धवट राहिलेला स्कायवॉक डोक्यावरून जातो, तात्यापारा चौक येतो, आझाद चौक येतो आणि शेवटी समता कॉलनीची गल्ली येते. गल्लीत गाडी लावायला जागा नसते. पांढरी गाडी तिथेच असते.

मंत्रालयातल्या माणसाची बदली हा या हिशेबातला शेवटचा आकडा आहे. वास्तुशांतीचे पेढे संपण्याआधी आदेश येतो, आणि तो बहुधा दूरच्या जगदलपूरचा नसतो. जगदलपूर असते तर निदान सहानुभूती मिळाली असती. आदेश रायपूर शहरातल्या एका शाखा कार्यालयाचा असतो, समता कॉलनीतून पायी जाण्याइतक्या अंतरावरचा. ही बातमी ऐकून आजोबा बऱ्याच दिवसांनी वर्तमानपत्र खाली ठेवतात.

रेल्वेने या दुःखावर फुंकर घालण्याचा प्रयत्न केला आहे. इंग्रजी अमदानीत रायपूरहून धमतरीला जाणारी छोटी लाइन टाकली होती. ती रस्त्याशी इतक्या जवळून आणि इतक्या सावकाश जात असे की, ओळखीचा माणूस दिसल्यास त्याची खुशाली विचारता येई. 2017 साली तिचा शहरातला भाग बंद झाला आणि तिच्या जागी एक्सप्रेस वे आला. मग 30 मार्च 2025 रोजी रायपूरहून मंदिर हसौदमार्गे, नव्या रायपुराला शिवून अभनपूरला जाणारी मेमू गाडी सुरू झाली. गाडी स्वस्त आहे, मोकळी आहे आणि तिच्यात बसायला मिळते. तरीही जुना रायपूरकर तिच्यावर विश्वास ठेवत नाही. "स्टेशनपर्यंत जायला ऑटो, उतरल्यावर घरापर्यंत ऑटो, मग मधली गाडी कशाला?" असे तो विचारतो. डोंबिवलीची मावशी हे ऐकून फोन ठेवून देते.

घरकामाच्या मदतीचा प्रश्न बिऱ्हाड हलण्यापूर्वीच सुटलेला असतो, म्हणजे नाही या उत्तराने. समता कॉलनीत वर्षानुवर्षे येणाऱ्या बाईंना विचारले, तर त्या हातातला पोछा न थांबवता म्हणतात, "अतेक दुरिहा कोन जाही, दीदी?" त्यांचे म्हणणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. मग नव्या रायपुराभोवतीच्या गावांतून मदत शोधावी लागते. या गावांच्याच शेतांवर हे शहर उभे राहिले आहे, आणि शेती जाऊन भांडी घासायला येणाऱ्या बाईला नव्या मालकिणीपेक्षा इथली माहिती जास्त असते. "तुमच्या या हॉलमध्ये आमचं मुनग्याचं झाड होतं," ती झाडू मारता मारता सांगते. मालकीण पाय वर घेते. त्यानंतर पगाराची घासाघीस होत नाही.

भाजीच्या बाबतीत मात्र स्थलांतरित कुटुंबाचा फायदा होतो. गावच्या आठवडी बाजारात भाजी ताजी आणि स्वस्त मिळते. अडचण एवढीच की, छत्तीसगढात पालेभाज्यांचे प्रकार मोजता येत नाहीत आणि मराठी माणसाला मेथी, पालक, अंबाडीच्या पुढे धीर नसतो. नवरा चेचभाजीची मोठी जुडी घेऊन येतो. ही कशी करतात असे विचारल्यावर विकणारीने "रांध के देख ले" एवढेच सांगितलेले असते. बायको त्यात शेंगदाणे आणि गूळ घालते. दुसऱ्या दिवशी कामाच्या बाई ती चाखून बराच वेळ काही बोलत नाहीत. मग विचारतात, "दीदी, खीर हे का?"

मुलांवरचे परिणाम संमिश्र आहेत. मुलगी आठवड्याभरात सायकल शिकते. समता कॉलनीत ती तीन वर्षे अंगणातल्या अंगणात कुंड्यांभोवती गोल फिरत होती, त्यामुळे सुरुवातीला मोकळ्या रस्त्यावरही ती गोलच फिरते. सरळ जायला शिकल्यावर ती दिसेनाशी होते आणि तिला शोधायला नवरा धावतो. असे रोज होऊ लागल्यावर त्याचे पोट कमी होते. खेळायला मात्र दुसरे मूल नसते, कारण शेजारच्या घरातली मुलेही संध्याकाळी रायपुरात आपापल्या आजीकडे असतात. शनिवारी समता कॉलनीच्या गल्लीत नव्या रायपूरच्या दोन शेजाऱ्यांची पहिली गाठ पडते.

"अरे, तुम्ही पण सेक्टर सत्तावीस?"

"हो, समोरचाच ब्लॉक!"

"मग या ना कधी घरी."

"नक्की. इथेच भेटू पुढच्या शनिवारी."

पाहुण्यांचा स्वभाव नव्या घराबरोबर बदलतो. समता कॉलनीत पाहुणा न सांगता यायचा आणि चहा घेऊन जायचा. नव्या रायपुरात तो सांगून येतो आणि दिवसभर राहतो, कारण इतक्या लांब आल्यावर चहावर परत जाणे कोणालाच पटत नाही. जवळ जंगल सफारी असल्याने त्याला निमित्तही मिळते. वाघ पाहिला तर तो वाघाचे वर्णन करत जेवतो, आणि नाही पाहिला तर वनखात्याला नावे ठेवत जेवतो. परसद्याच्या क्रिकेट मैदानावर सामना असला, तर ज्यांची लग्नपत्रिकाही कधी आली नव्हती अशा नातेवाइकांचे गाडी लावण्यासाठी फोन येतात. 21 जानेवारी 2023 रोजी या मैदानावर पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. भारताचा कर्णधार रोहित शर्मा याने न्यूझीलंडविरुद्ध नाणेफेक जिंकली आणि काय घ्यायचे ठरले होते तेच विसरला. थोडे डोके खाजवून त्याने क्षेत्ररक्षण घेतले, न्यूझीलंडचा संघ 108 धावांत आटोपला आणि भारत आठ गडी राखून जिंकला. नव्या रायपुरात आपण नक्की काय ठरवून आलो होतो हे न आठवणारा तो पहिला माणूस नव्हे. फरक इतकाच की, त्याचा निर्णय बरोबर ठरला आणि तो संध्याकाळी निघून गेला.

सणांच्या दिवसांत स्थलांतर तात्पुरते रद्द होते. गणपती समता कॉलनीत, कारण घरचा गणपती एकच असतो आणि तो हलत नाही. दिवाळी समता कॉलनीत, कारण फराळ तिथे होतो. संक्रांतीचे हळदीकुंकू बायको हौसेने नव्या घरी ठरवते, बायका "अगं, येणारच" म्हणतात आणि वाण परत समता कॉलनीत नेऊन वाटावे लागते. एका वर्षी आजी-आजोबांना आग्रहाने आठ दिवस राहायला आणले जाते. आजोबा पहिल्या दिवशी सकाळी फिरायला जाऊन येतात आणि सांगतात, "रस्ता छान आहे. संपत नाही." दुसऱ्या दिवशी त्यांना तिथे आणखी दोन आजोबा भेटतात, तेही असेच आग्रहाने आणलेले. तिसऱ्या दिवशी तिघे मिळून बाकावर बसून, या शहराची योजना कशी चुकली यावर चर्चा करतात. आठव्या दिवशी आजोबा परत जायला तयार नसतात. आजी मात्र तिसऱ्याच दिवशी पिशवी भरून बसलेली असते, कारण समता कॉलनीतल्या त्या दरवाजातून वारा येतो आणि दूध कोण बघणार, याची तिला काळजी असते.

हळूहळू वस्तीत एक किराणा दुकान उघडते. मग एक इस्त्रीवाला येतो, एक पोहे-जिलेबीचा ठेला लागतो आणि त्याच्या शेजारी गुपचूपवाला, म्हणजे पाणीपुरीवाला, उभा राहतो. एका गाळ्यावर कोचिंग क्लासची पाटी चढते. ठेल्यासमोर गाड्या उभ्या राहू लागतात आणि एके दिवशी सकाळी नवऱ्याला आपली गाडी काढता येत नाही. या दिवसापासून ते कुटुंब नव्या रायपूरचे रहिवासी झाले असे मानण्यास हरकत नाही. त्याच सुमाराला कोणीतरी सांगतो की, अभनपूरच्या पुढे फार शांत जागा आहेत, आणि बायको नवऱ्याकडे बघते.

सारांश, जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी काही व्यवहारी सूचना करता येतात. घर मे महिन्यात दुपारी पाहावे. आधी एक वर्ष भाड्याने राहावे. शाळा, नोकरी आणि आजी या तिघींपैकी किमान दोघी नव्या घराजवळ असतील तरच हप्ता सुरू करावा, आणि तिघींपैकी एकीचीच निवड करायची झाल्यास ती आजी असावी. कूलर जिथला तिथे ठेवून नवा घ्यावा; दरवाजापेक्षा तो स्वस्त पडतो. मुलांना सायकल चालवता यावी, स्वतःला चालता यावे आणि सासूबाईंशी संबंध सुधारावेत यासाठी नव्या रायपुरात अवश्य जावे. हे तिन्ही हेतू सफल झाल्याची उदाहरणे आहेत. वेळ वाचेल म्हणून मात्र जाऊ नये. तो आजवर कोणाचा वाचलेला नाही.